काकूंचा डावा गाल

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला हसू येईल. दांडीचा रंग उडालाय, टोकाला चार केस उरलेत, तरी ऐट काही कमी झालेली नाही. मी एक जुना ब्रश आहे. पण मला रंगपेटीतल्या भावंडांत धरू नका. मी फोटोंच्या टचिंगचा ब्रश. संगणक नव्हते त्या काळी फोटोतल्या माणसाचे मुरूम, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायचं काम माझ्याकडे होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतात ते काका. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीशी ठेवलेल्या तिरप्या टेबलावर ते काम करत. मला पाण्यात बुडवून ओठांनी टोक काढायचे, शाईचा एवढासा थेंब घ्यायचे आणि श्वास रोखून ठिपका ठेवायचे. नवरी असो की निवृत्त होणारे साहेब, आमच्या हातून गेले की दहा वर्षांनी तरुण दिसत. गिऱ्हाईक खूश, शेठही खूश. मागच्या खोलीत कोण बसतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझं सगळ्यात कौतुक झालेलं काम काकांच्या घरचंच. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा पांढुरका डाग होता. लहानपणी उकळतं पाणी सांडलेलं. लग्नाचा फोटो धुऊन आला तेव्हा काकूंनी काकांना एकच गोष्ट मागितली, की तेवढा डाग घालवा. काकांनी घालवला. सुट्टीचा अख्खा दिवस ते त्या गालावर वाकून बसले होते आणि त्या दिवशी त्यांनी एकदाही शीळ घातली नाही. फोटो बाहेरच्या खोलीत लागला. आल्यागेल्यांनी तोंडात बोटं घातली. काकूंची नणंद म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी." तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मी मात्र फुशारलो.

काकांकडे स्टुडिओने टाकून दिलेला एक कॅमेरा होता. सुट्टीच्या दिवशी तो गळ्यात अडकवून ते बाहेर पडत. घरीही, काकू खिडकीशी शिवत किंवा निवडत बसल्या की म्हणत, "जरा अशीच बस. कॅमेऱ्यात फिल्म नाही, नुसता उजेड बघतोय." फिल्म नाही म्हटल्यावर काकू निर्धास्त. एरवी कॅमेरा दिसला की डावी बाजू भिंतीकडे करणारी ती बाई काकांच्या फुटकळ विनोदांवर खळखळून हसायची. इतकी वर्षं हा माणूस उजेड का बघतोय, अशी शंका त्यांना कधी आली नाही.

पुढे संगणक आले आणि टचिंगचं टेबल अडगळीत गेलं. काका मला घरी घेऊन आले. त्यांच्याबरोबर फोटोच्या कागदाचे जुने, फोटोंनी भरलेले खोकेही आले आणि माळ्यावर चढले. प्रत्येक खोक्यावर काकांनी 'खराब' असं लिहिलं होतं. मला त्यातल्याच एकात टाकलं. तिथे अंधारात किती वर्षं गेली कोण जाणे. मित्रांनो, राबणाऱ्याला रिकामपणासारखी शिक्षा नाही. शेजारच्या फोटोंना मी शिवलेलोही नव्हतो, याचा मला भारी राग होता. एवढी माणसं, आणि एकालाही टचिंग नाही!

काका गेले. वर्षभराने नणंदेने माळा आवरायला काढला. खोके भंगारवाल्याच्या पोत्यात जायचे, तेवढ्यात त्याने एक उघडून पाहिला आणि म्हणाला, "आजी, हा तुमचाच फोटो ना?" त्याने डागावरून ओळखलं होतं. नेमकी तेव्हाच शेजारची मुलगी जिना चढत होती. ती माहितीपट बनवते. ती पायरीवरच बसली आणि एकेक खोका उघडत गेली; एकातून मीही बाहेर आलो. दुकानाच्या ओट्यावर डुलक्या घेणारा न्हावी, नळावर भांडणाऱ्या बायका, कुलूप लावून पुन्हा ओढून बघणारा म्हातारा. आणि सगळ्यांत जास्त काकू. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर पिकलंय हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मुलीला काकांवर माहितीपट करायचा होता, पण काकूंच्या परवानगीशिवाय नाही. काकू संतापल्या. जगापासून जन्मभर लपवलेला गाल त्या एका माणसासमोर उघडा ठेवत होत्या, आणि त्यानेच फसवलं. त्या रडल्याही. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटरवर हा डाग काढता येईल?"

"येईल, काकू. चेहरा तुमचा आहे. तुम्ही सांगाल तसं."

तिने एका फोटोवरचा डाग काढलाही. माझं दिवसभराचं काम तिने चहा निवायच्या आत केलं; मला हेवा वाटला. काकूंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडेही एकदा पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे गं होता तसाच. डाग काढलास तर लोक म्हणतील, हा माणूस जन्मभर दुसऱ्याच बाईचे फोटो काढत होता."

त्या क्षणी, मित्रांनो, माझी सगळी फुशारकी उतरली. काकांनी मला त्या खोक्यांतल्या एकाही चेहऱ्याला का शिवू दिलं नव्हतं, ते मला तेव्हा उमगलं.

माहितीपट दाखवला त्या दिवशी काकूंनी मला चष्म्याच्या घरात घालून नेलं. पडद्यावर त्यांचा चेहरा भिंतीएवढा झाला. सवयीने हात गालाकडे गेला, तो शेजारी बसलेल्या नणंदेने धरला. तीही मुसमुसत होती. "वहिनी, तुम्ही अशा हसता हे मी कधी बघितलंच नाही," एवढंच ती म्हणाली.

आता मी काकूंच्या टेबलावर पेल्यात उभा असतो. तुमच्या हातातल्या फोनमध्ये माझं काम बोटाच्या टोकावर आलंय. फोटोवरची धूळ खुशाल पुसा. पण कुणाच्या चेहऱ्याला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा. फोटो काढण्याआधीही विचारा. काकांनी नेमकं तेवढंच केलं नाही, आणि काकू त्यांच्यावर अजून रुसलेल्या आहेत.

काकांचा स्वतःचा धड एक फोटो नाही. काकूंच्या एका फोटोत तेवढी त्यांची सावली जमिनीवर पडलेली आहे. सकाळी चहा घेताना काकू त्या सावलीलाच ऐकवतात, "विचारायचं तरी होतंत. बसले असते हो मी."