दोन बोटं आखूड पट्टा

दचकू नका. तुमच्या मागून कोणीतरी बोलतंय असं वाटलं ना, ती मीच. पाठीवरची सॅक. माझी जागाच अशी आहे की मला माणसांच्या पाठीमागे बोलावं लागतं. त्यात माझा काय दोष? चेहरे माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत, पण पाठी मात्र पक्क्या ओळखते.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. जाड हिरवं कापड, दोन रुंद पट्टे, चार बक्कलं. त्या दिवशी माझ्या तीन-चारशे बहिणी एकाच रांगेतून शिवून निघाल्या. तिथून मी आले एका दुकानात आणि छताला लटकले, पोटात कागदाचे बोळे कोंबलेल्या अवस्थेत. येईल तो माझी चेन ओढून बघायचा आणि घ्यायचा दुसरीच. शेवटी एका मुलीने मला खाली उतरवलं. "बाबांसाठी हवीय," ती दुकानदाराला म्हणाली. "यंदा त्यांना चालायला नेणार आहे."

बाबा म्हणजे कोपऱ्यावरचे टेलर. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. चाळीस वर्षं एका खुर्चीवर, एका मशीनवर वाकलेले. मान पुढे आलेली आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरलेला. चालण्याचं म्हणाल, तर घर ते दुकान दीडशे पावलं. "तेवढीही ह्यांना जड होतात," मास्तरांच्या पत्नी सांगायच्या, "स्कूटर काढतात."

लेक अगदी उलटी. घरात तिला चिमी म्हणतात, पण पाय चिमणीचे नाहीत. दरवर्षी ती दोन दिवसांत पन्नास किलोमीटर चालून समुद्रावरच्या दीपगृहापर्यंत जायची, आणि दरवर्षी निघण्याआधी विचारायची, "बाबा, येताय?" बाबांचं उत्तरही ठरलेलं. शाळांच्या गणवेशांची गर्दी सरू दे, पुढच्या वर्षी नक्की.

मला हातात दिलं त्या दिवशीही हेच झालं. मास्तरांनी माझी शिवण उलटसुलट करून पाहिली, "टाका बरा आहे" म्हणाले आणि माझ्यात कापडाची कतरणं भरून मला मशीनखाली सारलं. दोन वर्षं मी कतरणांचं पोतं होऊन पडले होते. मला फार राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी चिमी दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, मला लांबच्या गावी नोकरी लागलीय. पाच महिन्यांनी जाणार. जायच्या आधी एकदा दीपगृहापर्यंत चालणार आहे. येणार असाल तर सांगा. मी परत विचारणार नाही."

मशीन थांबलं. मास्तरांनी मला पायाने पुढे ओढलं, कतरणं जमिनीवर ओतली आणि म्हणाले, "येतो."

पहिल्या रविवारी आम्ही दोन किलोमीटर चाललो आणि मास्तरांनी तीन वेळा बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती, दम सुटलेला होता. पण माणूस चिकट. दर आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवत गेले. वजनाची सवय व्हावी म्हणून माझ्या पोटात त्यांनी जुनी लोखंडी इस्त्री घातली. साध्या पाण्याच्या बाटल्या त्यांना सुचल्या नाहीत. ती बया दर पावलाला माझ्या बरगडीत टोचायची.

एक अडचण मात्र होती. उतरत्या खांद्यावरून माझा उजवा पट्टा सारखा घसरायचा. मास्तर तो वर ओढायचे, चार पावलांनी तो परत खाली. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? बक्कल ओढलं असतं. मास्तर पडले टेलर. त्यांची ख्यातीच ती होती: कोणाचा खांदा पडलेला असो, पाठीला बाक असो, त्यांच्या कोटात तो माणूस सरळ दिसायचा. इकडे आत एक पॅड, तिकडे अर्धा इंच कमी. त्यांनी एका बैठकीत माझा उजवा पट्टा कापला, दोन बोटं आखूड केला, आत पॅड घातलं आणि दुहेरी शिलाई मारली. आरशात पाहिलं. मी त्यांच्या पाठीवर अशी बसले होते, जणू त्यांच्यासोबतच जन्मले. मलाही बरं वाटलं. कोणीतरी आपल्यासाठी इतकं मन लावलं की बरं वाटतंच.

तिथेच घोटाळा झाला. आठ-दहा किलोमीटरपर्यंत सगळं ठीक चाललं. पंधराव्या किलोमीटरला, एका पुलावर, मास्तरांच्या पाठीत अशी उसण भरली की ते कठड्याला धरून जागच्या जागी थिजले. मला काढायलाही त्यांना हात वर नेता येईना. चिमीने गाडी मागवून त्यांना घरी आणलं. पलंगावर आडवे होत ते म्हणाले, "माझ्याच्याने नाही व्हायचं, चिमे. तू जा."

तिने मला दाराशी ठेवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. दार उघडंच होतं. ती रडत होती, आणि ते मास्तरांना ऐकू जात होतं.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःहून फिजिओबाईंकडे गेले. जाताना मलाही नेलं, का ते त्यांनाच ठाऊक. बाईंनी त्यांना भिंतीला टेकून उभं केलं, मान बघितली, खांदे बघितले, मग मला त्यांच्या पाठीवर चढवलं. पट्ट्यावरून बोट फिरवत विचारलं, "हा आखूड कोणी केला?"

"मीच," मास्तर अभिमानाने म्हणाले. "छान बसतेय ना?"

"फारच छान. तुमच्या वाकडेपणाला अगदी फिट्ट. आता खांद्याने वर यायचं म्हटलं तरी ही त्याला येऊ देणार नाही."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. घरी न जाता ते थेट दुकानात आले, मला टेबलावर पालथं घातलं आणि स्वतःच्याच हातची दुहेरी शिलाई टाका टाका उसवली. काढून ठेवलेला तुकडा परत जोडला. "आयुष्यभर लोकांचं वाकडं झाकत आलो," ते माझ्याशीच बोलत होते, "आणि माझंही झाकूनच टाकलं." मला त्यांची फार दया आली.

पुढचे दोन महिने दुकानाचा नूर पालटला. दर तासाला मास्तर मशीनवरून उठायचे. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढे न्यायची, वीस आकडे. भिंतीला हात लावून एक पाय मागे, टाच जमिनीला, पोटरी ताणायची. हनुवटी मागे घ्यायची. गिऱ्हाईक आलं तरी आकडे पुरे झाल्याशिवाय हलायचे नाहीत. एका बाईंना वाटलं, मास्तर दुकान ढकलून मागे सरकवताहेत. पट्टा अजूनही घसरायचा, पण आता तो घसरला की मास्तर खांदा वर घ्यायचे. इस्त्री गेली, पाण्याच्या बाटल्या आल्या. अंतर परत दोन किलोमीटरपासून सुरू झालं आणि हळूहळू बावीसपर्यंत पोचलं.

आणि आम्ही निघालो. पहिल्या दिवशी सव्वीस किलोमीटर नीट पार पडले. दुसऱ्या दिवशी, नऊ किलोमीटर उरले असताना, मास्तर थांबले. उजवा खांदा पेटला होता, ती धग मला पट्ट्यातून कळत होती. त्यांनी कॉलरला खोचलेली सुई काढली. दोऱ्यासकट.

"काय करताय?" चिमीने विचारलं.

"दोन टाके घालतो फक्त. दीपगृहापर्यंत पुरतील."

माझा जीव टांगणीला लागला. सुई पट्ट्याला टेकली, थांबली. मग मास्तरांनी ती परत कॉलरला खोचली, रस्त्याकडेच्या एका फाटकाच्या दोन खांबांना हात लावले आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. विसापर्यंत. मग पुन्हा वीस. चिमी शेजारी उभी राहून त्यांच्याबरोबर मोजत होती.

ते नऊ किलोमीटर आम्हाला तीन तास लागले. दीपगृहाच्या भिंतीशी दोघं उभे राहिले, वारा तोंडावर घेत. चिमीने बाबांकडे पाहिलं आणि मग जरा मान वर करून पाहिलं.

"बाबा, तुम्ही माझ्याहून उंच आहात?"

"पहिल्यापासून."

"मला माहीतच नव्हतं. लहानपणचे तुम्ही आठवायला गेले की मला तुमचा फक्त माथा आठवतो. मशीनवर वाकलेला."

मास्तरांनी तिला जवळ घेतलं. त्यांची पाठ हलत होती, म्हणून मीही हलत होते.

चिमी गेली त्याला आता सात महिने झाले. माझा रंग उडालाय, एक बक्कल बदललंय आणि उजव्या पट्ट्यावर उसवलेल्या टाक्यांची भोकं तशीच आहेत. पण पोतं होऊन पडायची वेळ पुन्हा आली नाही. गेल्या आठवड्यात मास्तरांनी कापडावर आखायच्या खडूने टेबलावर एक लांब रेघ ओढली आणि तिचे नऊ टप्पे पाडले. चिमीच्या नव्या गावापर्यंत एकशे सत्तर किलोमीटर आहेत. परवा सकाळी निघतोय आम्ही. दुकानाला कुलूप, स्कूटरला रजा. वाटेत एखाद्या फाटकाला हात लावून आकडे मोजणारे गृहस्थ दिसले, तर हसा हवं तर. एवढंच करा, चिमीला कोणी आधी कळवू नका.