फरशीखालच्या लेपाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना लेप आहे. लेप म्हटल्यावर तुम्हाला दुखऱ्या गुडघ्यावरचा लेप आठवेल. मी तो नव्हे. मी एका बाल्कनीत, फरशीच्या खाली असतो. पाणी खालच्या घरात झिरपू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. ते नीट झालं तर काहीच घडत नाही. म्हणून माझ्याजवळ सांगण्यासारखं काही असेल, असं मलाही वाटलं नव्हतं. तरी सांगून बघतो.

माझा जन्म एका बादलीत झाला. मिस्त्रींनी सिमेंटात दुधासारखं पांढरं रसायन ओतलं आणि गुठळी राहू नये म्हणून हात भरून येईपर्यंत ढवळलं. त्याआधी त्यांनी जुनी फरशी उखडली होती, भेगा भरल्या होत्या, भिंत आणि जमीन मिळते तिथला कोपरा गोल केला होता. मग ब्रशने माझा एक हात आडवा दिला, तो वाळल्यावर दुसरा उभा. शेवटी पाणी जायच्या नळीत फडक्याचा बोळा कोंबून त्यांनी बाल्कनी पाण्याने भरली आणि सगळे खालच्या घरात जाऊन छताकडे बघत बसले.

खाली मावशी राहते. ती वरच्या, म्हणजे माझ्या घरमालकाची सख्खी मावशी नाही, पण लहानपणी त्याची आई कामावर गेली की तो तिच्याच मांडीवर असे. मी येण्याआधी तिच्या पलंगावर वरून पाणी टपकायचं आणि ओलीने तिचा खोकला हटत नसे. दुसऱ्या दिवशीही छत कोरडं राहिलं, तेव्हा ती म्हणाली, "मिस्त्री, आता मी मेले तर खोकल्याने नाही मरणार."

"मग घाई कशाला करता? अजून वर फरशी बसायची आहे," मिस्त्री म्हणाले.

फरशी बसली आणि मी कायमचा अंधारात गेलो. त्याचं मला दुःख नव्हतं. स्लॅबमधून मावशीचं बोलणं ऐकू येई. खोकला मात्र ऐकू येईनासा झाला. मी तीच माझी शाबासकी समजत असे.

मग एकदा घरमालकाने कपडे वाळवायचा लोखंडी स्टँड आणला. तो वाऱ्याने सारखा आडवा व्हायचा. फिटरला बोलावलं.

"साहेब, खाली वॉटरप्रूफिंग असेल. भिंतीला पकडू या का?" फिटरने विचारलं.

"भिंतीला परवाच रंग दिलाय. खालीच मार."

"नंतर माझ्या नावाने ओरडू नका."

"मार रे तू."

ड्रिल फरशीतून आत शिरलं आणि माझ्यातून आरपार गेलं. चारही पायांशी. ज्याने मला हौसेने घरात आणलं, त्याला रंग माझ्यापेक्षा प्यारा झाला.

पुढच्या पावसात मावशीच्या छताने ओल धरली. ती जिन्याचा कठडा धरत वर आली. "अरे, तुझ्याकडून काही झिरपतंय का, बघ ना."

त्याने एकदा स्टँडकडे पाहिलं. "नाही गं मावशी. तुझं छत सुकलं की पाणी भरूनच बघू. तुझी खात्री होईल."

छत सुकल्यावर त्याने स्टँडच्या पायांशी कुंड्या सरकवल्या, नळीत बोळा कोंबला आणि पाणी भरलं. मावशी वर येऊन पाणी बघून गेली. तिचं दार लागल्याचा आवाज आला, तसा त्याने बोळा काढला. पाणी माझ्यापर्यंत उतरायच्या आत वाहून गेलं.

"अहो, असं नका करू. सांगून टाका ना त्यांना," त्याची बायको हळूच म्हणाली.

"सगळी फरशी उखडावी लागेल. सांगेन सवडीने."

दुपारभर वर थेंब नव्हता आणि खाली मावशी पलंगावर उताणी पडून छताची राखण करत होती. संध्याकाळी ती पुन्हा वर आली.

"ठणठणीत कोरडं आहे रे. उगाच तुझ्यावर संशय घेतला. रागावू नकोस हं."

"त्यात रागवायचं काय?" तो म्हणाला.

मग तिने स्वतःच्याच न्हाणीघराची भिंत फोडून घेतली. आतला पाइप धडधाकट निघाला. पुन्हा पाऊस आला, पुन्हा छत गळलं. तिने पलंग ओढत बाहेरच्या खोलीत दाराशी नेला. आता तिचा खोकला मला पुन्हा ऐकू येतो, फक्त थोडा लांबून.

काल प्लंबरने तिला विचारलं, "आजी, वरून तर येत नसेल?"

"छे! वरचं काम पक्कं आहे. आणि तो माझ्याशी खोटं बोलायचा नाही."

मित्रांनो, मला कुणी नावं ठेवली असती तर मी सोसलं असतं. ही स्तुती मात्र सोसवत नाही. माझ्या नावावर त्याने तिला फसवलं आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्या हातून कुठे भोक पडलं, तर पडलं म्हणून सांगा. भोक बुजवता येतं. मिस्त्री अजून काम करतात.

आणि कधी मावशीच्या घरी गेलात, तर तिला एवढं सांगा की वरचं काम पक्कं नाही. माझं नाव खराब झालं तरी चालेल.