आमचा माणूस

बापाच्या तिरडीपुढे न्यायचं विस्तवाचं मडकं गौरवीनं उचललं, तसं सगुणभाऊंनी पुढे होऊन ते तिच्या हातातून अलगद काढून घेतलं.

“बाय, हें दादल्यांचें काम. बाबली धरतलो.”

बाबली शेजारचा. विठ्ठलबरोबर खाणीवर टिप्पर चालवलेला. तो खाली मान घालून उभा राहिला. अंगणात विठ्ठलला तिरडीवर बांधून झालं होतं, आणि डिचोलीकडच्या त्या वाड्यावरचे पुरुष कुंपणाशी गोळा झाले होते.

“एकुलता एक चेडू तेंचा,” विठ्ठलची बायको विमला म्हणाली. “आग ताच देतला. मी पण येतलंय. माझ्या थोरल्या दिराक तेंच्या चेडवानच आग दिलेली. आमच्या दोडामार्गाकडे चलता.”

सगुणभाऊ वाड्यातले जाणते. त्यांनी आवाज चढवला नाही. “वैनी, तुमच्या गांवांत चलता, तें थंय बरोबर. आमी ताका वायट म्हणनांव. हांगा चलना, तें हांगा बरोबर. तुमीय आमकां वायट म्हणूं नाकात.”

कुंपणाशी उभ्या असलेल्या श्रीनाथ मास्तरांनी मान डोलावली. “दोन्ही आपापल्या जागी बरोबरच, वहिनी. ज्याची त्याची रीत. यात भांडण्यासारखं काही नाही.”

ऐकायला ते इतकं समजूतदार होतं की विमलाला क्षणभर आपणच हट्टी आहोत असं वाटलं.

“दोनय बरोबर,” ती सावकाश म्हणाली. “मगे घरात रवाचा आमीच कित्याक?”

“कित्याक म्हणल्यार विठ्ठल आमचो,” सगुणभाऊ म्हणाले. “तीस वर्सां आमच्यांत रावलो. आमच्या मनशाक आमची रीत.”

आमचो. त्या शब्दापाशी विमला थांबली. दोडामार्गाहून इथे राहायला आल्यापासून ह्याच शब्दाची विठ्ठलनं वाट पाहिली होती. इथल्या देवीच्या जत्रेला वर्गणी तो सगळ्यांच्या आधी द्यायचा. एका वर्षी नवं धोतर नेसून पालखीला खांदा द्यायला पुढे झाला, तर ह्याच सगुणभाऊंनी त्याला दंडाला धरून मागे आणलं होतं. पालखी आमच्यांची, तू भायलो. विठ्ठल घरी येऊन हसत हसत पाय धूत राहिला. “पावण्याक कोण काम सांगता, विमल?” म्हणाला. त्या रात्री जेवला मात्र नाही.

“काल सांजेपर्यंत ते भायले होते मां?” विमलानं विचारलं. “आज मेल्यार तुमचे झाले?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

“ती गजाल वेगळी,” सगुणभाऊ म्हणाले. “तो देवाचो मान.” मग त्यांनी उन्हाकडे पाहिलं. “वैनी, गौरवीक धाडली जाल्यार हांगा कोण खांदो दिवचो ना. तुमीच सांगा, कितें करूंया.”

त्यात धमकी नव्हती. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच विमलाला सोसवेना. ओरडले असते तर तीही ओरडली असती.

गौरवीनं तिरडीचा बांबू दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. “आई, तू गप्प का? बोल ना त्यांना.”

विमला बोलणारच होती. पण माडाची सावली सरकली होती आणि विठ्ठलच्या तोंडावर ऊन आलं होतं.

“तेंका उन लागता गो,” ती म्हणाली. “सोड.”

गौरवीनं सोडलं नाही. शेवटी आईनंच तिची बोटं एकेक करून सोडवली.

बाबली मडकं घेऊन पुढे झाला. चौघांनी तिरडी उचलली. पालखीला सरावलेले खांदे होते. तिरडी जराही हिंदकळली नाही.

स्मशान वाड्याबाहेर, खाणीच्या पलीकडे. मायलेकी पायरीवर बसून तिकडे बघत राहिल्या. एव्हाना धूर दिसायला हवा होता. पण मध्ये खाणीच्या लाल मातीचा डोंगर होता, विठ्ठलनं टिप्परच्या खेपा टाकून टाकून उभा केलेला.