विरजण

नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरचा प्लास्टरचा हसरा मुखवटा, चांगला माझ्याएवढा उंच, मी एकाच ओतात काढून देईन असं छातीठोकपणे सांगून बसले होते. सासरे तेव्हाच म्हणाले, "सूनबाई, दोन तुकडे कर. मधे जोड दे आणि मोकळी हो." मी ऐकते कसली! जोडाची रेघ गालावरून गेली की हसणारा माणूस मार खाल्ल्यासारखा दिसतो. पण जमलं नाही तर काम फायबरवाल्याकडे जाईल, हेही नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी सुनावलं होतं.

आणि जमेना. साचा अर्धा भरतोय तोवर घमेल्यातल्या प्लास्टरचा दगड. दोनदा हेच. मी गोणीला शिव्या घातल्या, गोणीवाल्याला घातल्या आणि नवऱ्यालाही घातल्या, कारण तो जवळ उभा होता.

"गोणीचा काय दोष?" नवरा म्हणाला. "त्यातलंच मी कपात कालवून भिंतीची भेग बुजवली. चांगलं निवांत बसलं की."

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी कप मांडून बसले. एकात गार पाणी. एकात कोमट, कारण हात गारठतात म्हणून नवरा मला रोज तसंच काढून द्यायचा. एक कप जोरजोरात घुसळला. शेवटच्यात घमेल्याच्या कडेचा वाळका थर चुरून टाकला. कोमट पाण्यातलं लवकर आवळलं, घुसळलेलंही. पण चुऱ्याच्या कपात बघता बघता चमचा उभा राहिला!

तो थर आमच्याकडे कधीच खरवडत नाहीत. सासरे त्याला 'विरजण' म्हणतात. हा शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकतेय आणि एकदाही विचार केला नाही. जुन्या कणांना धरून नवं प्लास्टर भराभर बसतं, नावातच सगळं होतं. माझ्या कामावर विरजण पडत होतं ते खरोखरच विरजणाने.

"अगं, छोट्या फुलापानांच्या नक्षीला ते लागतंच," सासरे कप निरखत म्हणाले. "साचा लवकर रिकामा होतो. पण एवढ्या मोठ्या धुडाला..." ते थांबले आणि स्वतःशीच हसले. "धू गं सगळं."

कोरी घमेली आणली. पाणी गार घेतलं, प्लास्टर आणखी रेंगाळावं म्हणून त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाकलं. नवऱ्याला दम दिला, हात सावकाश चालव, लोणी काढायचं नाहीये. आम्ही ओतत गेलो आणि ते शेवटपर्यंत सायीसारखं वाहत राहिलं. हनुवटी भरली, ओठ भरले, कपाळ भरलं. 

साचा उघडला तेव्हा व्यवस्थापक येऊन उभेच होते. सासऱ्यांनी डोळे मिटले आणि मुखवट्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. बोट कुठेच अडलं नाही.

"वा, मालक!" व्यवस्थापक त्यांना म्हणाले. "आतले चार खांबही तुम्हीच करा. कधी देता?"

सासऱ्यांनी डोळे उघडले.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मालकीणबाई त्या तिकडे उभ्या आहेत."