छपराला कळी

भिंगरीने आजवर एकही गोष्ट शेवटाला नेली नव्हती. अर्धा मफलर, तीन भिंतींचं पुठ्ठ्याचं घर, धूळ खात पडलेली बासरी. म्हणून मामाने आपल्या मॉडेल गाड्यांच्या उरल्यासुरल्या भागांचा खोका तिला दिला, तेव्हा आजोबांनी मनाशी ठरवलं, हे एक तरी तडीस गेलं पाहिजे.

खोक्यात ट्रकचं इंजिन होतं, शर्यतीच्या गाडीची मागची जाडजूड चाकं होती आणि जुन्या मोटारीची प्लास्टिकची बॉडी. बॉडी एकच. तिची भिंगरीला हॉट रॉड करायची होती: जुनीच गाडी, पण बसकी, छप्पर खाली आणलेलं, इंजिन उघडं आणि तोरा तर विचारूच नका.

"छप्पर किती कापू?"

आजोबांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं होतं. "छप्पर पेलणारे चारी खांब सारखे काप. चार-चार मिलिमीटर. बाह्या आखूड करतात तसे."

जीभ दातात धरून तिने बारीक करवतीने खांब कापले. छप्पर ठेवलं. मागचे खांब जुळले, पुढे मात्र बोटभर नाही तरी नखभर फट राहिली. मागचे खांब उभे होते, पुढचे तिरके. छप्पर खाली आलं, पण पुढच्या काचेपर्यंत पोचेना.

"गेली," म्हणत भिंगरी खोक्याचं झाकण शोधू लागली.

आजोबांनी झाकण आपल्याकडे ओढून घेतलं. "चूक माझी. कापडाचा हिशेब प्लास्टिकला लावला."

"आता काय उपयोग?"

"सदरा तंग झाला, तर मी काय करायचो?"

"गिऱ्हाइकाला बारीक व्हायला सांगायचात."

"एकदा सांगितलं, ते परत आलं नाही. मग कळी घालायला लागलो. शिवण उसवायची, मध्ये पट्टी जोडायची."

भिंगरी छपराकडे बघत राहिली. आजोबांचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते चष्मा पुसण्यात गुंतवले.

"छप्परच मधोमध आडवं कापलं तर?" तिने विचारलं. " पुढचा भाग पुढे सरकवायचा, मध्ये पट्टी."

"माझ्या दुकानात हवी होतीस तू."

पहिली पट्टी आखूड पडली, दुसरी बसली. मग जोडाच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, वाळवणं, ओल्या पॉलिश पेपरने घासणं. आठवडाभर रोज संध्याकाळी हेच. इंजिन बसलं, चाकं लागली, फक्त रंग राहिला.

"डोळे मिटा. जोड शोधा," भिंगरीने गाडी त्यांच्या हातात दिली.

आजोबांनी छपरावरून बोट फिरवलं. छान म्हणून मोकळं होणं सोपं होतं. ती पुन्हा खोक्याचं झाकण शोधेल अशी भीती त्यांना वाटली, तरी त्यांनी खरं तेच सांगितलं.

"डावीकडे लागतो. केसाएवढा."

भिंगरीने गाडी काढून घेतली, त्या जागी स्वतःचं बोट फिरवलं आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवला.

"रंग उद्या," ती म्हणाली. "आज मध्ये मध्ये बोलू नका."