बरं वाटायचं तेल

रफू चांगला जमला की दिसत नाही, त्यामुळे माझ्या कामाचं कौतुक कधी कुणी केलं नाही. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारतं, "भोक नक्की होतं कुठे?" आणि माझ्याकडे असं बघतं, जसं काही मीच त्याला फसवलंय.

आमचं दुकान एक आणि कामं दोन. पुढे शिलाई मशीनवर मास्तर, म्हणजे माझा नवरा. शिंपी माणूस, अख्खी गल्ली मास्तर म्हणते म्हणून मीही म्हणते. मागे खिडकीपाशी स्टुलावर मी, सुई आणि मांडीवर कुणाचं तरी फाटकं.

काचबिंदू निघाला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दुखणार नाही, कळणारही नाही, पण डोळ्यातला दाब आतली नस खात जाईल. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची. हे थेंब रोज, कायमचे." थेंब घातले की डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे, जिना चढताना धाप लागायची. मी रोज थेंब घालायचे आणि सोबत शिव्याही.

त्यात एक दिवस कोटवाले काका आले. एकाच कोटावर आयुष्य काढलेलं जुनं गिऱ्हाईक. काकूंना कॅन्सर झालेला. उपचारांनी उलट्या, अन्नाचा वाससुद्धा नको. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनीच गांजापासून केलेलं औषध दिलं आणि काकू उठून बसल्या, अर्धी वाटी का होईना, जेवायला लागल्या. हे खरं आहे, मी स्वतः जाऊन पाहिलं. मास्तरांनी एवढं ऐकलं आणि मशीन थांबवलं.

"डोळ्यांना चालतं का हो?"

"काही मुलांना फिट्सवर देतात, कुणाला आखडलेल्या अंगावर देतात," काका म्हणाले. "मग डोळ्यांनीच काय घोडं मारलंय?"

मास्तरांनी मोबाइलवर शोधलं. गांजाने डोळ्यातला दाब उतरतो, असं लिहिलेलं सापडलं. झालं! बुडत्याला काडीचा आधार. ओळखीच्या ओळखीतून एक तपकिरी बाटली घरी आली, लेबल नसलेली. आतलं तेल जिभेखाली ठेवायचं.

"आणि डोळ्यांतले थेंब?" मी विचारलं.

"एका फाटक्यावर दोन शिंपी बसवू नयेत," मास्तर म्हणाले. "एक शिवेल, दुसरा उसवेल."

दुकानातलं शहाणपण त्यांनी डोळ्याला लावलं आणि मला ते पटलं, कारण मला चुरचुर नकोच होती. थेंब कपाटात गेले.

पुढचे दिवस, खरं सांगते, आमच्या संसारातले सुखाचे होते. मला गाढ झोप लागायची. धाप गेली. डोळे स्वच्छ दिसायचे, म्हणजे आरशात. मास्तर खुशीत म्हणाले, "आंधळा मागतो एक डोळा..." आणि जीभ चावून गप्प बसले.

"थांबलात का? देव देतो दोन, म्हणा की!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. मी जरा जास्तच, ते तेलाचं हसू होतं.

"बरं वाटतंय ना?" ते रोज विचारायचे.

"बरं वाटतंय."

त्यात खोटं काही नव्हतं. त्या माणसाने डोळ्यांत तेल घालून माझी काळजी घेतली, हे मी कुणालाही सांगेन.

मग काही महिन्यांनी दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. कात्री शेजारी असून सापडेना. माझ्या वस्तू हलवू नका म्हणून मी मास्तरांवर खेकसायचे, आणि ते बिचारे न हलवलेल्या वस्तूंबद्दल माफी मागायचे. एक बाई राखाडी कोट परत घेऊन आल्या. "हे काय केलंत?" म्हणाल्या. मी कोट खिडकीशी नेला, निरखला आणि त्यांना चांगलंच सुनावलं. "कुठे काय झालंय? बोट ठेवून दाखवा."

त्यांनी बोट ठेवलं, आणि ते बोट कापडातून आरपार गेलं. मी अर्धंच भोक रफू केलं होतं. उरलेलं अर्धं त्याला लागूनच होतं.

आमच्या मुलीला कळलं आणि तिने त्याच दिवशी मला आणि मास्तरांना दवाखान्यात नेलं. तिथे एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात. समोर बघायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसले. एखादा ठिपका दिसला, मग काहीच नाही.

"अगं, बंद पडलं वाटतं. चालू कर की," मी म्हटलं.

"चालूच आहे, मावशी," तपासणारी मुलगी हळूच म्हणाली.

मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना सगळं आपणहून सांगितलं, बाटलीसुद्धा टेबलावर ठेवली. बाई चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही वाचलंत ते खोटं नाही," त्या म्हणाल्या. "दाब उतरतो, पण तीन-चार तास. मग पुन्हा चढतो. तो चोवीस तास उतरलेला हवा. तेवढं तेल घेतलं तर या शुद्धीवर राहणार नाहीत."

"पण हिला बरं वाटत होतं हो," मास्तर म्हणाले.

"बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं."

मी विचारलं, "मग मला कळलं कसं नाही? नजरेला भोक पडलं, तर तिथे काळं दिसायला नको?"

"नाही दिसत. मेंदू आजूबाजूचं घेऊन भोक भरून टाकतो. तुम्हाला वाटतं, सगळं दिसतंय."

म्हणजे माझ्याच डोक्यात एक रफूवाली बसली होती, आणि कामात माझ्यापेक्षा सरस होती. मला तिथेच किंचाळावंसं वाटलं. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्यात समोरची एक फट उरली आहे. थेंब पुन्हा सुरू केलेत, ऑपरेशन करून उरलेलं टिकलं तर टिकलं. सुई मात्र संपली.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या मी कठडा धरून एकटीच उतरले. कुणाशी बोलले नाही. तेव्हापासून मास्तर माझ्यापासून लांब लांब राहतात. चहा आणतात, माझ्या अगदी समोर ठेवतात आणि मागे सरकतात. काही विचारत नाहीत. शेवटी मी मुलीला म्हटलं, "तुझ्या बाबांना झालंय तरी काय? थेंब मीही बंद केले होते."

ती रडायलाच लागली. "आई, पायऱ्यांवर बाबांनी तुला हात दिला होता. तू बघितलंसुद्धा नाहीस. तसाच हात पुढे करून उभे राहिले. मला म्हणाले, बरोबर वागली ती."

हात उजवीकडून आला असणार.

मास्तर आत्ता पुढे मशीनवर आहेत, आवाज येतोय. उठून जायचं आणि सांगायचं, मला हात दिसला नाही. एवढंच. पण त्या दिवशी माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतका संताप होता, की दिसला असता तरी मी तो हात धरला असता का, हे माझं मलाच सांगता येत नाही. आणि ते म्हणतील, "खरंच दिसला नाही ना?" मग पुढे विचारतील, "दिसला असता तर?"

म्हणून मी अजून उठलेले नाही.