बंद म्हणतो आणि चालूच राहतो

मी बोलतोय. म्हणजे बोलायचा प्रयत्न तरी करतोय. मध्येच अडकलो, गोल गोल फिरत बसलो, तर कृपा करून मला थोबाडू नका. कुंदन थोबाडतो आणि त्याचा काही उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मी कोण? संगणक सुरू केला की आधी जो जागा होतो आणि मग बाकीच्या सगळ्यांना कामाला लावतो, तो मी. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात मला. नाव भारदस्त आहे, पण हुरळून जाऊ नका. मी अजून पूर्ण झालेलो नाही. मी चाचणीची आवृत्ती आहे, ज्याला बीटा म्हणतात ती. कंपनीने मला अर्धाकच्चा असतानाच बाहेर काढलं आणि जगाला सांगितलं, "वापरून बघा, काय काय बिघडतं ते कळवा." स्वतःच्या लेकराची अशी जाहिरात कोणी करतं का हो?

सोबत एक सूचनाही होती. रोजच्या कामाच्या मशीनवर याला टाकू नका, असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. कुंदन पाटलाने ती वाचली नाही. त्याने "मला मान्य आहे" यावर टिचकी मारली आणि मला त्याच्या एकुलत्या एक लॅपटॉपवर उतरवलं.

कुंदन नंदुरबारला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो आणि तापीकाठच्या त्याच्या गावाहून रोज एसटीने जातो-येतो. गावातलं नेट कसं असतं ते तुम्हाला माहीत आहेच. सकाळी मी यायला लागलो तो दिवस कलला तेव्हा पोचलो. तोवर घरात कोणी मोबाइलवर काही बघायचं नाही, अशी त्याने सगळ्यांना तंबी दिली होती. अख्ख्या जिल्ह्यात हे आणणारा पहिला माणूस मीच, असं तो क्लासमध्ये छाती फुगवून सांगत होता, आणि नेमका तेव्हाच मी पडद्यावरची सगळी अक्षरं उलटी करून दाखवली. पोरं खो खो हसली. मी तरी काय करणार? तेवढंच येत होतं मला.

माझे गुण सांगायचे तर फार थोडे आहेत, म्हणून अवगुणच सांगतो. मी न विचारता स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतो. घड्याळ मनाला येईल ते दाखवतो. छापायला सांगितलं की "छापलं" म्हणतो आणि कागद काही बाहेर पडत नाही. कुंदनचे वडील पितांबरआप्पा संध्याकाळी माझ्यावर मिरचीचा बाजारभाव बघायचे. एकदा मी त्यांना सलग दोन आठवडे एकच भाव दाखवला. आप्पा खूश होते, बाजार स्थिर आहे म्हणून! खरं कळल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं की माझा पंखाच थांबला.

"हाई काय नवं डोकं बसाडं रे कुंदन? जुनं बरं व्हतं," आप्पा म्हणाले.

बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

पण माझा सगळ्यात मोठा अवगुण वेगळाच. व्हिडिओ कॉल संपवायचं लाल बटण दाबलं की मी पडद्यावर "कॉल संपला" असं लिहितो, समोरच्याचं चित्र घालवतो, आणि कॉल मात्र तोडायचा विसरतो. इकडच्याला वाटतं बंद झालं. तिकडच्याला सगळं दिसत असतं, ऐकू येत असतं. झाकण लावलं तरच माझी खोड मोडते. हे घरात पहिल्यांदा कळलं ते कुंदनच्या आईमुळे. प्रमिलाबाईंनी शिरपूरच्या बहिणीशी गोड गोड गप्पा मारल्या, बटण दाबलं, आणि बहिणीच्या खिडक्यांच्या नव्या पडद्यांचा रंग किती भयाण आहे ते मोकळ्या मनाने सांगितलं. बहिणीने ते तिथे पडद्यांखाली बसून ऐकलं. त्या दोघी आता बोलतात, पण पडद्यांचा विषय निघत नाही. तेव्हापासून कॉल झाला की कुंदन आठवणीने माझं झाकण लावायचा.

आता खरी गोष्ट सांगतो.

या घराला मोठा मुलगा आहे, हेमकांत. सुरतला असतो. तिथे त्याची सीमाशी ओळख झाली. सीमा दवाखान्यात नर्स आहे, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातल्या गावची, जामसिंग वसाव्यांची मुलगी. दोघांनी घरी न विचारता कोर्टात लग्न केलं. जातीबाहेरची, त्यात डोंगरातली, म्हणून आप्पांनी आकाशपाताळ एक केलं आणि हेमकांतला फोनवरच सांगितलं, या घरचा उंबरा चढायचा नाही. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. असतो तर निदान तो फोन तरी मध्येच बंद पाडला असता, त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

श्रावणात या घरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांना रोट म्हणतात. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, पाळण्यातल्या मुलाचेसुद्धा. नोकरीसाठी कोणी कुठेही असो, त्याची मूठ निघते. रोट खायचा तो घरच्यांनीच, परक्याला द्यायचा नाही. म्हणजे ज्याची मूठ निघाली तो घरचा. गेल्या वर्षी आप्पांनी हेमकांतची मूठ काढली नव्हती. प्रमिलाबाई तेव्हा गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी चिरता चिरता रडल्या, असं कुंदनने मित्राला सांगताना मी ऐकलंय.

यंदा हेमकांतला मुलगी झाली, काजल. कुंदनने मनाशी ठरवलं, गहू मोजायच्या दिवशी आप्पांना नातीचं तोंड दाखवायचं. बघून तरी विरघळतील. यंदाही मूठ निघाली नाही तर दादा पुन्हा कधी फोनसुद्धा करणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि एवढ्या नाजूक कामासाठी त्याने कोणाला निवडलं? मला! घरात साधा चांगला मोबाइल असताना! म्हणाला, मोठ्या पडद्यावर बाळ मोठं दिसेल.

सकाळची वेळ. ओसरीवर स्वच्छ चादर अंथरली, गव्हाची परात आली, आप्पा आंघोळ करून पाटावर बसले. कुंदनने मला समोर स्टुलावर ठेवलं आणि सुरतला कॉल लावला. मी जीव मुठीत धरून होतो. पण लागला हो! हेमकांत दिसला, सीमा दिसली, आणि तिच्या मांडीवर काजल, मूठ तोंडात घालून बसलेली.

"आप्पा, देखा ना, तुमनी नात," हेमकांत म्हणाला. आवाज कापत होता. तो कंप माझा नव्हता, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

आप्पांनी एकदाच वर पाहिलं. मग मान फिरवली. "बंद कर ते. माले काम शे."

सीमाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली पाहिलं. कुंदनने हिरमुसून लाल बटण दाबलं. मी इमानाने लिहिलं, "कॉल संपला". आणि इमानाने कॉल तसाच चालू ठेवला. कुंदनने त्या दिवशी झाकण लावलं नाही. विसरला की मुद्दाम, ते त्याने मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारण्याइतका हुशार नाही.

आप्पा मोजायला लागले. स्वतःची मूठ, भाऊ भटूची, कुंदनची. मग हात परातीवरच थांबला. बराच वेळ थांबला. मला वाटलं तेही अडकले, माझ्यासारखे. मग त्यांनी मूठ भरली, ताटात सोडली, वर पाव मूठ घातली आणि हळूच म्हणाले, "हेमकांतनी."

प्रमिलाबाईंनी पदर डोळ्याला लावला, पण त्यांचं तोंड काही गप्प बसेना. "मंग मघाशी बोलाले काय व्हयनं व्हतं? तोंड शिवेल व्हतं का?"

"कोनता तोंडघाई बोलू?" आप्पा म्हणाले. "उंबरा चढू नको असं मीच सांगेल व्हतं. आते मीच ये म्हणू? लाज वाटस माले." मग ताटातले गहू सारखे करत, "पोर कोनावर गयी?"

"नाक तुमनं शे."

"मंग बिचारीनं अवघड शे," म्हणत आप्पांनी पुन्हा मूठ भरली. छोटी. "हाई काजलनी."

"पोरीसनी मूठ ऱ्हास का कधी?"

"मी मोजी ऱ्हायनू ना!"

आणि इथे प्रमिलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "अस्सं? मी या घरमा उनू तवयपाईन रोट मीच थापस. मन्ही मूठ भरी का कधी तुम्ही?"

इतक्या वर्षांत हे आप्पांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला दोष देतात! त्यांनी प्रमिलाबाईंची मूठ भरली, चांगली शीग लावून. मग, आता थांबण्यात अर्थ नाही असं वाटून की काय, आणखी एक भरली आणि म्हणाले, "सीमानी."

तेवढ्यात माझ्यातून हुंदका ऐकू आला. सीमाचा होता. तिच्या रडण्याने काजलनेही भोकाड पसरलं. माझा पडदा काळा, वर "कॉल संपला" लिहिलेलं, आणि आतून लेकराचं रडणं! आप्पांच्या हातातले गहू सांडले.

"आप्पा, ते... बंद नई व्हयनं," कुंदन म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

आता आपली शंभरी भरली, असं मी समजलो. आप्पा उठले, माझ्यासमोर येऊन वाकले. त्यांचा चेहरा इतका जवळ आला की सुरतेला फक्त मिश्या दिसल्या असतील. ओरडतील असं वाटलं. पण त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "कवयनी गाडी शे?"

"सकायनी शे, आप्पा," आतून हेमकांत कसाबसा म्हणाला.

"पोरले टोपडं घालजो. गाडीमा वारा लागस."

ते आले. सीमाने रोट खाल्ला, काजलने माझ्या बटणांवर लाळ गाळली आणि दोन अक्षरं कायमची चिकटवली. या सगळ्याचं श्रेय मी घेणार नाही. मी काहीही केलं नाही. नीट बंद व्हायचं एवढंच काम होतं, तेही जमलं नाही.

तेव्हापासून या घरात एक नवाच प्रकार सुरू झालाय. दर रविवारी आप्पा मला स्टुलावर ठेवायला सांगतात आणि सुरतला कॉल लावतात. बोलतात काय? ऊन किती पडलं, मिरचीवर रोग आला का, बस. चेहरा करारी. मग स्वतःच्या बोटाने लाल बटण दाबतात, झाकण उघडंच ठेवतात, आणि माझ्यासमोर बसून प्रमिलाबाईंना मोठ्याने सांगतात. पोर फार गोड हसायला लागली. सीमाने रात्रपाळ्या कमी कराव्यात, तब्येत उतरली तिची. हेमकांतची आठवण येते, शेतात गेलं की जास्तच येते. त्यांना ठाऊक आहे मी चालू आहे. सुरतेलाही ठाऊक आहे. ते तिघं तिकडे श्वास रोखून ऐकतात. यावर कोणी कधी एक अक्षर बोललेलं नाही.

पण आता माझी मुदत संपलीय. उद्या माझी पक्की आवृत्ती येते आहे. तिचं घड्याळ बरोबर चालेल, कागद छापून निघेल. कुंदनने तिच्यातल्या सुधारणा वाचल्या, या वेळी नीट वाचल्या. पहिलीच ओळ होती, कॉल संपवल्यावर चालू राहण्याचा दोष दूर केला आहे. टाकू नको म्हणायचीही सोय नाही, मी आपोआप थांबणार आहे. आप्पांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

मला पुसणार याचं दुःख नाही हो, माझी लायकी मला माहीत आहे. पण आप्पा, येणारा माझ्यासारखा बावळट नाही. तो बंद म्हणाला की खरंच बंद होईल, आणि तुम्ही इकडे एकटेच बोलत बसाल. म्हणून हात जोडून सांगतो, येत्या रविवारी ते लाल बटण दाबायच्या आधीच बोला.